लस घेतल्यावर त्रास झाला, तर नोंद अशी करा

लस टोचल्यावर बाळाला केंद्रावर अर्धा तास थांबवाच. तीव्र ॲलर्जी बहुधा याच वेळात दिसते. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीनंतर एक-दोन दिवस ताप, टोचलेल्या जागी सूज हे अपेक्षितच. पण झटका आला, श्वास लागला, बाळ निपचित पडले किंवा भरती करावे लागले, तर आधी उपचार आणि मग लगेच एएनएम (आरोग्य सेविका) किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. लस खासगी दवाखान्यात घेतली असली तरीही.

चौकशी अडते ती बहुतेकदा तपशिलाअभावी. लसीचे नाव, बॅच नंबर, टोचल्याची आणि लक्षण सुरू झाल्याची तारीख-वेळ लिहून घ्या. गोवर-रुबेलाची लस असेल तर द्रावकाचा (लसीची भुकटी ज्यात विरघळवतात त्या द्रवाचा) बॅच नंबर आणि कुपीत द्रावक किती वाजता मिसळला, हेही विचारा. त्यानंतर ४ तासांहून जास्त ठेवलेल्या कुपीत जंतू वाढू शकतात; तेव्हा दोष लसीचा नसून हाताळणीचा असतो, आणि तो याच नोंदीतून सापडतो.

केंद्रावर दाद लागली नाही, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कामाच्या दिवशी फोन करा.

त्रास लसीमुळेच झाला का, हे तज्ज्ञ समिती ठरवते. ती खात्री करत बसून नोंद लांबवू नका.