जुन्या यादीतली भूछत्रे आणि एलियास फ्रीस: नावे वाचताना या चुका टाळा

धिंगरी अळंबीचे पूर्ण शास्त्रीय नाव असे लिहितात: प्लुरोटस ऑस्ट्रिएटस (जॅक्.) पी. कुम्म. आपल्याकडच्या लेखांत आणि महाविद्यालयीन प्रकल्पांत पहिले दोन शब्द तेवढे उरतात, मागची शेपटी गळून पडते. त्या शेपटीत, म्हणजे नाव देणाऱ्यांच्या संक्षिप्त नावांत, या अळंबीच्या नावाचा सगळा प्रवास असतो. एलियास माग्नुस फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने बुरशीविज्ञानासाठी नेमके काय केले, हे समजायला चरित्रापेक्षा ही शेपटीच जास्त उपयोगी पडते.

फ्रीसचा जन्म 1794 सालचा, दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतातल्या फेमशो गावचा. वडील पाद्री. शिक्षण लुंडला, पुढची कारकीर्द उप्सालाला, आणि तिथेच 1878 मध्ये मृत्यू. ‘सिस्टेमा मायकोलॉजिकम’ हा त्याचा तीन खंडांचा ग्रंथ 1821 ते 1832 या काळात आला. त्याच्याबद्दल लिहिताना आणि त्याच्या काळातली नावे वापरताना काही चुका वारंवार होतात.

‘फ्र.’ दिसले की ‘फ्रीसने शोधले’ म्हणणे

जातीच्या नावामागे फ्रीसचे नाव रोमन लिपीत दोन अक्षरी संक्षेपाने देतात. इथे आपण ते ‘फ्र.’ असे लिहू. त्याचा अर्थ ‘हे भूछत्र जगात प्रथम फ्रीसने पाहिले’ असा होत नाही. ते नाव नियमानुसार वर्णनासह कोणी प्रसिद्ध केले, एवढेच त्यातून कळते. पांढऱ्या-करड्या, पंख्यासारख्या, दुभंगलेल्या पडद्यांच्या (टोपीखालच्या पातळ पात्यांच्या) शिझोफायलम कम्यून या बुरशीपुढे ‘फ्र.’ आहे, कारण हे नाव फ्रीसने 1815 मध्ये दिले. ही बुरशी जगभर आढळते, पावसाळ्यात आपल्याकडच्या वाळक्या फांद्यांवरही. फ्रीसच्या आधी ती असंख्य लोकांनी पाहिली असणार.

उलट चूकही तितकीच होते: ‘फ्र.’ दिसले नाही म्हणजे त्याचा काही संबंध नाही, असे धरले जाते. धिंगरीच्या नावात तो दिसत नाही. अठराव्या शतकात याक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला अ‍ॅगॅरिकस ऑस्ट्रिएटस म्हटले, कंसातला ‘जॅक्.’ तोच. देठ मधोमध नसून कडेला असणाऱ्या भूछत्रांचा प्लुरोटस नावाचा गट अ‍ॅगॅरिकसच्या पोटात फ्रीसने 1821 मध्ये केला. त्या गटाला 1871 मध्ये पॉल कुमर या बुरशीतज्ज्ञाने वंशाचा दर्जा दिला आणि कंसाबाहेर त्याचे नाव लागले. आता नुसत्या वंशाचे नाव पाहा: प्लुरोटस (फ्र.) पी. कुम्म. फ्रीस कंसात सापडला! कंसातला माणूस मूळ नाव देणारा, बाहेरचा माणूस ते आजच्या जागी नेऊन बसवणारा. आज ओळखीच्या असलेल्या कितीतरी वंशांची आखणी फ्रीसने आधी पोटगट म्हणून केली होती. कुमर आणि त्याच्या काळातल्या इतरांनी त्यांना वंश केले. फ्रीसचे सगळ्यात मोठे काम मला हेच वाटते. नवी नावे त्याने पुष्कळ दिली, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे विस्कळीत माहितीला त्याने खण पाडून दिले.

जुना अ‍ॅगॅरिकस म्हणजे आजचा अ‍ॅगॅरिकस समजणे

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून जरा थांबून वाचा. आज अ‍ॅगॅरिकस म्हटले की बटण मशरूम आणि त्याचे भाऊबंद डोळ्यांसमोर येतात. 1821 मध्ये हे नाव टोपीखाली पडदे असलेल्या बहुतेक सगळ्या भूछत्रांना लागू होते. युरोपात अनेकांचा बळी घेणाऱ्या विषारी अमानिटा फॅलॉइडिसचे फ्रीसच्या ग्रंथातले नाव अ‍ॅगॅरिकस फॅलॉइडिस आहे. एकोणिसाव्या शतकातली यादी वाचून ‘हे तर बटण मशरूमच्या वंशातले’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर काय होईल ते सांगायला नको.

या भूछत्राचे आजचे पूर्ण नाव अमानिटा फॅलॉइडिस (व्हायंट एक्स फ्र.) लिंक. यातल्या ‘एक्स’चा अर्थ असा की नाव सुचवले व्हायंटने, पण नियमाला धरून प्रसिद्ध केले फ्रीसने. व्हायंट हा आजची दोन शब्दी नामपद्धत रूढ करणाऱ्या लिनियसच्या आधीच्या पिढीतला, त्यामुळे त्याचे नामकरण एकट्याने ग्राह्य धरत नाहीत.

1821 हीच सुरुवात मानणे

1910 च्या ब्रसेल्सच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ठरवले की बहुतेक बुरशींच्या नावांची मोजणी 1 जानेवारी 1821 पासून, म्हणजे फ्रीसच्या पहिल्या खंडापासून करायची. तांबेरा, काणी आणि फुग्यासारखी पोटबंद भूछत्रे यांच्यासाठी पेरसून या बुरशीतज्ज्ञाचा 1801 चा ग्रंथ धरला गेला. जुन्या पाठ्यपुस्तकांत हेच छापलेले असते आणि तेच पुढे उतरवले जाते. पण 1981 च्या सिडनी परिषदेत हा नियम बदलला. आता बुरशींची सुरुवातही वनस्पतींसारखी 1 मे 1753 पासून, म्हणजे लिनियसच्या ‘स्पीशीज प्लँटारम’पासून धरतात.

मग फ्रीसचे काय? त्याने ‘सिस्टेमा’त किंवा 1828 च्या पुरवणी ग्रंथात स्वीकारलेल्या नावांना खास संरक्षण मिळाले. आधीचे एखादे सारखेच किंवा स्पर्धक नाव सापडले, तरी फ्रीसने मान्य केलेले नाव त्याच्यापुढे टिकते. हे संरक्षण अनेक वर्षे विसर्गासारख्या दोन टिंबांनी दाखवले जाई: अमानिटा मस्कारिया (एल. : फ्र.) लाम. म्हणजे नाव लिनियसचे, शिक्कामोर्तब फ्रीसचे, आजच्या वंशात आणणारा लामार्क. ती टिंबे छपाईची चूक समजून काढू नका. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या जागी ‘आणि’ किंवा ‘एक्स’ घालणे, त्याने अर्थच बदलतो. हा शिक्का लिहिणे सक्तीचे नाही. नको असेल तर टिंबे आणि फ्रीस दोन्ही गाळा.

तांबेऱ्याच्या नावात मात्र फ्रीसचा शिक्का शोधू नका. गव्हाच्या खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचे पक्सिनिया ग्रॅमिनिस हे नाव पेरसूनने 1794 मध्ये दिले. फ्रीस जन्मला त्याच वर्षी.

बीजाणूंच्या रंगावर नको तितका भार टाकणे

पडदेवाल्या भूछत्रांची विभागणी फ्रीसने बीजाणूंच्या रंगावर केली: पांढरे, गुलाबी, गेरूसारखे तपकिरी, जांभळट-काळे. ही युक्ती आजही कामाला येते, पण बीजाणूंचा ठसा नीट घेतला तरच. देठ टोपीच्या तळाशी कापा आणि टोपी पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा हवा. नुसत्या पांढऱ्यावर पांढरे बीजाणू दिसतच नाहीत आणि लोक ‘ठसा आला नाही’ म्हणून टोपी फेकून देतात. वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. टोपी अगदी कोवळी असेल किंवा वाळलेली असेल, तर ठसा उमटत नाही. पडद्यांचा रंग म्हणजेच बीजाणूंचा रंग असेही धरू नका, दोन्ही वेगळे असू शकतात.

क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हे पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारे, छत्रीसारखे देखणे आणि विषारी भूछत्र. त्याचा ठसा हिरवट येतो आणि फ्रीसच्या रंगांच्या रांगेत हिरव्याला वेगळा खण नव्हता. रंगावरून नाते ठरत नाही, हे डीएनएच्या अभ्यासाने नंतर पक्के झाले. आणि खाण्यायोग्य आहे की नाही, हे तर कोणत्याच रंगाच्या ठशावरून ठरवू नये.

यावरून फ्रीसला कच्चा ठरवणे ही आणखी एक चूक. त्याची भिस्त नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या रचनेवर होती: पडदे, छिद्रे, काटे की गुळगुळीत पृष्ठभाग. लेव्हेये या फ्रेंच बुरशीतज्ज्ञाने 1837 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू धरणाऱ्या पेशींचे दोन प्रकार दाखवले, तरी फ्रीस आपल्या पद्धतीवर राहिला. ही मर्यादा खरीच. पण रानात हातात भिंग घेऊन उभ्या असलेल्या माणसाला अजूनही त्याच्याच खुणा आधी दिसतात.

एका बुरशीच्या चार नोंदी करणे

वाळक्या ओंडक्यावरची भडक केशरी-लाल, चिवट बुरशी आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेली असते. फ्रीसच्या ‘सिस्टेमा’त ती पॉलिपोरस सँग्विनियस आहे. पुढच्या याद्यांत तीच पॉलिस्टिक्टस सँग्विनियस, मग पिक्नोपोरस सँग्विनियस आणि ट्रॅमेटिस सँग्विनिया. वेगवेगळ्या काळातल्या याद्या एकत्र करताना या चार जाती मोजल्या गेल्या की जिल्ह्याची जैवविविधता कागदावरच वाढते.

जुने नाव इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या बुरशीनावांच्या ऑनलाइन सूचींवर सापडत नसेल, तर वंश सोडून दुसऱ्या शब्दाने शोधा आणि त्याचा शेवट कापा. लॅटिनमध्ये वंशाच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलतो: अ‍ॅगॅरिकस मस्कारियस, पण अमानिटा मस्कारिया. नुसते ‘मस्कारि’ टाकले की दोन्ही मिळतात. मग मूळ नाव आणि साल जुळते का ते पाहा.

शोधताना आडनावही तपासा. ‘थ. फ्र.’ म्हणजे एलियासचा मुलगा थिओडोर, शैवाकांचा (लायकेनचा) अभ्यासक. ‘आर. ई. फ्र.’ म्हणजे नातू रॉबर्ट. तिघेही वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यामुळे सरसकट ‘फ्रीस’ लिहिले की कुणाचे काम कुणाच्या नावावर गेले ते कळत नाही.

आणि कोकण-गोव्यातल्या वारुळावरच्या अळंबीचा वंश फ्रीसच्या ग्रंथात धुंडाळत बसू नका. टर्मिटोमायसीस हा तो वंश रोजे हाइम या फ्रेंच बुरशीतज्ज्ञाने 1942 मध्ये केला.