रॅलीपूर्वीची तयारी: डोके आणि मान सांभाळणारे साधन निवडताना

मराठवाड्यातून मोटार रॅलीत उतरणारी मुले आधी गाडीला रोलकेज, म्हणजे आतला पाइपांचा संरक्षक पिंजरा, बसवतात, मग सस्पेन्शन आणि टायर बघतात, आणि डोके-मान सांभाळणाऱ्या साधनाची आठवण त्यांना स्क्रुटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडी आणि साहित्याच्या तपासणीच्या, आठ दिवस आधी होते. तेव्हा ते कुणाकडून उसने मिळेल का, याची चौकशी सुरू होते. हा क्रम बदलायला हवा, असे मी आग्रहाने सांगतो, कारण हे साधन एकटे काम करत नाही. हेल्मेट, खांद्यावरचे पट्टे, सीट आणि हे साधन या चौघांची एकमेकांशी नीट जुळणी झाली तरच मान वाचते. त्यातली एखादी वस्तू बाहेरून मागवावी लागली तर वेळ जातो, म्हणून या तयारीला किमान दोन महिने आधी हात घालावा.

खरेदीआधी साधनाचे काम समजून घ्यावे. गाडी मोरीच्या कठड्यावर किंवा रस्त्याकडेच्या बाभळीवर समोरून आदळते तेव्हा पट्ट्यांमुळे धड जागेवर राहते, पण डोके आणि हेल्मेट मिळून सहा किलोच्या आसपासचे ओझे पुढे जातच राहते. तो सगळा ताण मानेवर येतो, आणि कवटीच्या तळाचे हाड मोडून माणूस जागीच जाऊ शकतो. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर पॅट्रिक जॅकमार हा चालक अशाच दुखापतीने गेला. त्यानंतर त्याचा मित्र, स्वतः रेसर असलेला जिम डाउनिंग आणि त्याचे मेहुणे, मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी हॅन्स हे साधन घडवले. मानेभोवती उभी राहणारी कॉलर, तिच्यापासून छातीवर उतरणारे दोन पाय, आणि कॉलरपासून हेल्मेटला जोडलेले टिथर, म्हणजे मजबूत विणीचे छोटे पट्टे, एवढीच त्याची रचना आहे. डोके पुढे झेपावले की टिथर ताणले जातात आणि तो भार मानेऐवजी साधनामार्फत खांद्यावरच्या पट्ट्यांवर जातो. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट या नामांकित चालकाचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी नॅसकार या अमेरिकन शर्यत संस्थेने असे साधन सक्तीचे केले. फॉर्म्युला वनमध्ये ही सक्ती २००३ पासून आली. फोमची मऊ कॉलर हे काम करत नाही. ती मानेला आधार दिल्यासारखी वाटते, पण डोक्याला मागे धरून ठेवणारे तिच्यात काहीच नसते.

साधन हातात घेतल्यावर रंग आणि कार्बनची चमक बघण्याआधी लेबल शोधावे. त्यावर एफआयए (जागतिक मोटरस्पोर्ट संघटना) ८८५८ किंवा एसएफआय (सुरक्षा साहित्याची मानके ठरवणारी अमेरिकन संस्था) ३८.१ यांपैकी मानक छापलेले असले पाहिजे, आणि आपण ज्या स्पर्धेत नाव देणार आहोत तिच्या चालू वर्षाच्या नियमांत कोणते मानक चालते, हे पैसे देण्याआधी मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या नियमपुस्तिकेत वाचून घ्यावे. एसएफआयचे लेबल असलेले साधन दर पाच वर्षांनी पुन्हा तपासून प्रमाणित करून घ्यावे लागते. जुने साधन स्वस्तात मिळत असेल तर हा खर्च किमतीत धरावा. लेबल खरवडलेले असेल, किंवा ते साधन एखाद्या अपघातात सापडले होते का, याचे सरळ उत्तर विकणारा देत नसेल, तर ते तिथेच सोडून यावे.

हेल्मेटचा प्रश्न लवकर सुटतो. दोन्ही बाजूंना टिथर अडकवण्याचे खुंट ज्याला कारखान्यातूनच बसवलेले आहेत, किंवा त्यांच्यासाठी आटे दिलेले आहेत, असेच मोटरस्पोर्टचे हेल्मेट घ्यावे. जुन्या हेल्मेटला गॅरेजमध्ये ड्रिलने भोक पाडून खुंट बसवण्याचा प्रकार मी पाहिला आहे. ज्या कवचाने डोके वाचवायचे त्यालाच आपण असे अशक्त करतो, म्हणून तो कधीही करू नये.

माप घेणे मात्र सवडीने करायचे काम आहे, आणि ते दुकानात उभे राहून होत नाही. मानेचा घेर टेपने मोजून लहान, मध्यम, मोठा यांतला आकार ठरतो, पण त्याहून महत्त्वाचा असतो तो साधनाचा कोन. रॅलीच्या सीटमध्ये आपण बऱ्यापैकी ताठ बसतो, त्यामुळे साधारणपणे २० अंशांचे साधन जुळते. ३० अंशांचे साधन मागे रेलून बसायच्या गाड्यांना सोयीचे असते. माझे पहिले साधन मी एका चालकाकडून वापरलेले घेतले होते आणि ते ३० अंशांचे निघाले. चिकलठाण्याच्या गॅरेजमध्ये गाडीत बसून पट्टे आवळले तेव्हा पायांची खालची टोके छातीपासून बोटभर वर उचललेली दिसली आणि कॉलर हेल्मेटच्या मागच्या कडेला टेकत होती. ते साधन मी परत केले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की ओव्हरॉल, आतले कपडे, हेल्मेट असा पूर्ण साज चढवून, स्वतःच्या गाडीतल्या स्वतःच्या सीटवर बसून, पट्टे शर्यतीइतके घट्ट करून अर्धा तास बसल्याशिवाय साधन पसंत करायचे नाही. दोन्ही पाय छातीला सपाट टेकले पाहिजेत, मानेखालच्या कॉलरबोनवर एका जागी टोचता कामा नये, आणि सीटच्या डोक्याजवळच्या कानांना कॉलर घासता कामा नये. रॅलीत गाडी बहुधा तिरकी आदळते, म्हणून सीटचे हे कानही मानेच्या संरक्षणाचाच भाग समजावेत.

चालकाला घाटातल्या वळणावर काचेच्या कोपऱ्यातून पुढचा रस्ता बघावा लागतो. म्हणून ज्यातून टिथर सरकते आणि मान डावी-उजवीकडे मोकळी वळते, असे साधन त्याला बरे. शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या नेव्हिगेटरची गरज वेगळी आहे आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. तो खाली, जास्त आत बसतो, मांडीवरच्या पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचतो आणि एका ओळीनंतर वर बघून पुन्हा खाली बघतो. टिथर आखूड असले तर त्याला वहीची खालची ओळ दिसत नाही, मग तो खांदे पुढे काढतो आणि पट्टा साधनाच्या कडेवरून घसरू लागतो. त्यामुळे नेव्हिगेटरने चाचणीच्या वेळी वही खरोखर मांडीवर घेऊन पाच-सहा पाने मोठ्याने वाचावीत, आणि शेजाऱ्याने त्या वेळी पट्टा कुठे सरकतो ते बघत राहावे. टिथरची लांबी कमी-जास्त करायची असेल तर साधनासोबतच्या सूचनांत दिलेल्या मर्यादेतच करावी. एकाच साधनावर दोघांची सोय होणार नाही, हेही पैशांचा हिशेब मांडतानाच धरून चालावे.

पट्ट्यांच्या बाबतीत दोन इंची खांदेपट्टे साधनावर नीट बसतात, पण जे पट्टे केवळ अशा साधनाबरोबर वापरण्यासाठी प्रमाणित आहेत ते साधनाशिवाय कधीही लावू नयेत. सराव असला तरी नाही. खांद्यामागे पट्टा शक्य तितका आडवा जावा. एफआयएच्या नियमानुसार त्याचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त चालत नाही आणि १० अंशांपर्यंत असावा अशी शिफारस आहे. पट्टे बांधायच्या मागच्या आडव्या बारवर दोन्ही पट्ट्यांमधले अंतर कमी ठेवले की ते बाहेर न सरकता कॉलरच्या दोन्ही अंगांना धरून राहतात. पट्ट्यावरची मुदतही त्याच वेळी वाचावी.

आपल्याकडच्या उन्हाचा आणि धुळीचा विचारही यादीत हवा. मे महिन्यात बीड-लातूरकडे पारा चाळिशीच्या वर असतो, आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत साधन टाकून ठेवले तर पॅडची चिकटवण सुटू शकते. ते कापडी पिशवीत घालून सावलीत ठेवावे. मुरमाची बारीक धूळ टिथरच्या विणीत आणि अडकवणीच्या स्प्रिंगमध्ये बसते. सरावानंतर ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने ती काढावी, पेट्रोल किंवा थिनर लावू नये. टिथरची शिवण नखाने चाचपून बघावी, आणि एक धागा जरी उसवलेला लागला तरी टिथर बदलावे.

साधन घालून गाडीतून बाहेर पडण्याचा सराव रॅलीआधी दहा वेळा तरी करावा. बकल सोडून, टिथर हेल्मेटलाच ठेवून, साधनासकट बाहेर यायचे असते. कॉलर रोलकेजच्या आडव्या दांडीला अडकते ती नेमकी जागा अशा सरावातच कळते. अपघात झाला तर पट्टे आणि टिथर बदलावेत आणि साधन बनवणाऱ्यांकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा घालू नये, मग ते वरून कितीही धड दिसो.

शेवटची तपासणी आदल्या रात्री दोघांनी एकमेकांची करावी. खुंटांचे स्क्रू घट्ट आहेत का, दोन्ही टिथर ओढल्यावर कट्‌ आवाज होऊन बसतात का, लेबले वाचता येतात का, हे माझ्या साधनावर नेव्हिगेटर बघतो आणि त्याच्या साधनावर मी बघतो.