ड्रायरमध्ये कपडे नीट वाळत नव्हते : माझा अनुभव

आमच्या ड्रायरमधून कपडे गरम, पण ओलसर बाहेर येऊ लागले होते. ड्रम फिरत होता आणि आत उष्णताही होती, त्यामुळे हीटर शाबूत असून दोष हवेच्या प्रवाहात असावा, असा अंदाज मी बांधला. कारण कपडे केवळ उष्णतेने वाळत नाहीत, त्यांतून निघणारी वाफ बाहेर वाहून नेणारी हवाही तितकीच लागते.

आधी लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू अडवणारी, जाळी पाहिली. ती दिसायला स्वच्छ होती, पण नळाखाली धरल्यावर पाणी आरपार न जाता वरच साचून राहिले. सॉफ्टनरचा पातळ थर छिद्रांवर बसला होता; तो कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने निघाला.

खरा अडथळा मात्र दमट हवा बाहेर सोडणाऱ्या मागच्या नळीत होता. प्लग काढून यंत्र पुढे ओढल्यावर नळी भिंतीलगत चेपलेली दिसली आणि त्या वळणावर लिंटचा ओलसर, राखाडी बोळा घट्ट बसलेला होता. लिंट सहज पेट घेते, म्हणून ही सफाई लांबणीवर टाकणे मला धोक्याचे वाटते. चेपलेली नळी बदलून धातूची, कमी वळणांची बसवली आणि बाहेरच्या तोंडाची झडपही मोकळी केली. आता टॉवेलच्या जाड शिवणीसुद्धा एकाच फेरीत कोरड्या होतात.