झाडू उचलण्याआधी कोळी ओळखा

गणेशाची चवथ जवळ आली, माळ्यावरून माटोळी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, खाली उतरली की तिच्या फळ्यांमागून एखादा तळहाताएवढा कोळी सरसर भिंतीवर चढतो. घरात आरडाओरडा होतो, कोणी झाडू आणतो, कोणी फवारा. तो मरतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि ज्याच्यापासून खरंच जपायला हवं तो परसातल्या नारळाच्या सोडणांच्या ढिगात तसाच राहतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कौलारू घरात मी वर्षानुवर्षं हेच पाहत आले आहे.

जवळजवळ प्रत्येक कोळ्याला विष असतं. त्यामुळे 'हा विषारी आहे का' असं विचारून हाती काही लागत नाही. याच्या विषाने माणसाला त्रास होतो का, हे विचारायचं. त्याचं उत्तर आकारावरून मिळत नाही. तो कसा बसतो, कुठे बसतो आणि डिवचल्यावर काय करतो, हे बघावं लागतं.

भिंतीला चपटा चिकटलेला, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेला, जाळं न विणणारा तपकिरी कोळी म्हणजे हेटेरोपोडा. रात्री झुरळं मारणारा हाच. मादी पोटाखाली बत्ताशासारखी चपटी पांढरी अंडीपिशवी धरून फिरते. अगदी हातात दाबला गेला तरच चावतो, आणि तेही गांधीलमाशीच्या डंखाएवढं दुखून थांबतं. याला मारू नका, असं मी सगळ्यांना बजावून सांगते. छतातले काडीसारख्या पायांचे, हात लावला की जाळ्यासकट थरथरणारे कोळी आणि खिडकीत टुणकन उडी मारून आपल्याकडे वळून बघणारे छोटे कोळी यांचीही भीती नको.

मी फसले ते टॅरँटुला या मोठ्या केसाळ कोळ्याच्या बाबतीत. पावसाळ्याची रात्र, दिवे गेलेले, न्हाणीच्या उंबऱ्यापाशी एक मोठा कोळी. भिंतीवरचाच खाली आला असेल, असं समजून मी फडक्याने उचलायला वाकले. तो पळाला नाही. मागे रेलला, पुढचे दोन पाय वर उचलले आणि विषदात उघडे केले. माझी बोटं त्याच्यापासून वीतभरही लांब नव्हती.

तेव्हापासून मी विजेरी धरून आधी चार गोष्टी बघते. अंग चपटं की फुगीर? पाय सडपातळ की जाड, केसाळ आणि टोकाला बोथट? जमिनीवर आहे की भिंतीवर? आणि लांब काडीने जवळची फरशी टकटकवली तर पळतो की पवित्रा घेतो? जाड, केसाळ, सावकाश चालणारा आणि पाय उगारणारा असेल तर तो टॅरँटुला. चिऱ्याच्या बांधात आणि दरडीत त्यांची बिळं असतात. पावसात बिळात पाणी शिरतं, नर माद्यांच्या शोधात बाहेर पडतात आणि उंबऱ्याखालच्या फटीतून घरात येतात. मात्र भिंतीवर दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया हा टॅरँटुला भिंतही सहज चढतो आणि तो विलक्षण चपळ असतो. त्याने पुढचे पाय उचलले की खालून पिवळे दिसतात. तो चावला तर स्नायूंत जबरदस्त पेटके येतात आणि काही वेळा ते दिवसेंदिवस उलटतात. शंका आली तर टॅरँटुलाच समजा.

जपून राहावं असा आणखी एक, अगदी छोटा. अंग जेमतेम सेंटिमीटरभर, पोट वाटाण्यासारखं गोल, त्याच्या खालच्या बाजूला डमरूच्या आकाराची नारिंगी किंवा तांबडी खूण. हा लॅट्रोडेक्टस. प्लास्टिकच्या खुर्चीखाली किंवा कुंडीच्या कडेला त्याचं विस्कटलेलं, चिवट जाळं असतं. यातल्या तपकिरी जातीची अंडीपिशवी काटेरी चेंडूसारखी दिसते. खुर्ची उचलताना बोटं खाली घालण्याआधी नजर टाका.

पकडणं सोपं आहे: रुंद तोंडाचा डबा सावकाश वर आणून शेवटच्या वितीत पटकन टेकवायचा, खालून जाड पुठ्ठा सरकवायचा, लांब कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सोडायचा.

फवाऱ्यावर पैसे घालवू नका. थेट अंगावर बसला तरच तो कोळ्याला मारतो, कोपऱ्यांत मारून ठेवल्याने फारसा उपयोग होत नाही. कोळी येतो तो खाद्यामागे, म्हणून झुरळं कमी करा. बाल्कांवातला, म्हणजे दारापुढच्या ओट्यावरचा, पांढरा दिवा काढून पिवळा लावा, म्हणजे किडे कमी येतील. दाराखाली रबरी पट्टी लावा. लाकडं, माडाची चुडतं, सोडणं भिंतीला टेकवून रचू नका आणि काढताना जाड हातमोजे घाला. गमबूट आणि हेल्मेट रोज झटकून घ्या, हे मुलांकडूनही करवून घ्या.

चावलाच तर साबणाने धुवा, थंड पट्टी ठेवा. चिरा देऊ नका, चोखू नका. पेटके, दरदरून घाम, पोट ताठ होणं, धाप यांपैकी काही दिसलं तर १०८ ला फोन करून इस्पितळात जा. सर्पदंशाची लस इथे चालत नाही. कोळ्याच्या विषावर आपल्याकडे प्रतिविष मिळत नाही, डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात.

अंगावर फोड उठले की 'कोळी मुतला' म्हणून लेप लावत बसण्याची आपली सवय मला फार खटकते. असे फोड बरेचदा नागिणीचे असतात, आणि नागिणीची औषधं पहिल्या ७२ तासांत सुरू केली तर चांगली लागू पडतात. लेप लावण्यात तेच तास जातात.

त्याहून गंभीर म्हणजे जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री काहीतरी चावलं आणि चावणारा दिसलाच नाही, तर कोळ्यावर ढकलू नका. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटेची वाट न बघता त्याच क्षणी इस्पितळ गाठा.