पोराला मानसोपचार वॉर्डात दाखल करायचं ठरलंय, तर

मी मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. दाखल होताना आईवडिलांशी बोलायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं. हे अठराच्या आतल्या मुलामुलींच्या घरच्यांसाठी.

आधी लेकराला खरं सांगा. ‘आत्याकडे जाऊन येऊ’ म्हणून गाडीत बसवायचं आणि थेट वॉर्डाच्या दारात उतरवायचं, असं सर्रास होतं. मग ती पोर ना डॉक्टरांशी बोलते, ना सिस्टरशी. पहिले दिवस तिचा राग निवळायची वाट बघण्यातच जातात. सरळ म्हणा, ‘तुला झोप नाही, जेवण जात नाही, मरायचे विचार येतात. घरी तुला सांभाळणं आम्हाला जमेना झालंय. काही दिवस दवाखान्यात राहू, मी सोबत असेन.’ किती दिवस, हे मात्र छातीठोक सांगू नका. आणि एरवी भांडणात ‘तुला वेड्यांच्या दवाखान्यात टाकीन’ म्हणाला असाल, तर तेही तिच्या डोक्यात आहे हे धरून चला.

‘सोबत असेन’ हे नुसतं धीर देणं नव्हे, कायदाच तसा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 87 वाचून या. अर्ज पालकांनी करायचा. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक वा डॉक्टर यांनी, मुलाला वेगवेगळं तपासायचं. तेही दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, आणि पूर्ण मुक्कामात घरचं कुणीतरी जवळ राहायलाच हवं. मुलगी असेल आणि पालक म्हणून वडील सही करत असतील, तर बाईमाणूस लागतं. तेव्हा आई, मावशी, काकू, कोण कधी राहणार हे घरातच ठरवून या. रात्री अकराला वॉर्डाच्या दारात दोन्हीकडच्या आज्यांची भांडणं आम्ही सोडवत नाही. (सोडवतो, पण सोडवायला लागू नयेत.)

रुग्णालय 72 तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे अशा दाखल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्यानेच नेमलेल्या मंडळाला, कळवतं. मुक्काम 30 दिवसांवर गेला तर पुन्हा कळवावं लागतं. दाखल ठेवायला दिलेला पाठिंबा पालकांनी काढून घेतला की मुलाला सोडावंच लागतं. म्हणजे तुम्ही अडकत नाही. ‘शॉक देतील का?’ हा प्रश्न प्रत्येक जण दबक्या आवाजात विचारतो. अल्पवयीनांना असे विजेचे शॉक द्यायला एरवी मनाई आहे. अगदीच गरज पडली तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी, दोन्ही लागतात. भूल न देता तर कुणालाच देता येत नाहीत.

पिशवी भरताना नाडीची सलवार नको, इलॅस्टिकची पँट घ्या. ओढणी, पट्टा, लेस असलेले बूट, काचेची बाटली, ब्लेड, चार्जरची वायर आत येऊ देत नाहीत. यात अपमान मानू नका. डॉक्टरांच्या जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड आणि आरोग्य विम्याचं कार्ड आणा. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पॉलिसीच्या अटी मात्र दाखल होण्याआधी विचारा.

डॉक्टरांपुढे मुलाने स्वतःला इजा केली असेल ते लपवू नका. ‘आत्महत्येचा विषय काढला तर डोक्यात भरेल’ ही भीती खोटी आहे. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट बोलायला जागा होते.

आता डिस्चार्ज. मुलगा हसायला लागला की घरचे सैल पडतात, आणि नेमके घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडे जास्त जपायचे असतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून ‘बरा झाला’ म्हणत त्या मनानेच बंद करू नका. तो घरी येण्याआधी कीटकनाशकाचे डबे गोठ्यातून हलवा, शक्य तर दुसऱ्याच्या घरी ठेवा. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यासुद्धा कुलपात. पुढच्या भेटीची तारीख हातात घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. ती आठवड्याच्या आतली मागा.

शाळेला रजेसाठी वैद्यकीय दाखला द्या. आजाराचं नाव वर्गशिक्षकांना सांगायचं की नाही, ते मुलाला विचारून ठरवा. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना दारातच सांगा, ‘काय झालं होतं?’ विचारायचं नाही. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर मात्र फोन करत न बसता सरळ जवळच्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्या.