रेलिब शिकायचीय, पण मटेरियल कुठं शोधायचं?

सोलापुरात इंजिनिअरिंग, बीसीए करणाऱ्या बऱ्याच पोरांची ग्राफिक्सशी पहिली ओळख टर्बो सी आणि ग्राफिक्स डॉट एच मधूनच होते, म्हणजे बीजीआयचा (टर्बो सीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा) पाथ टाकायचा, इनिटग्राफ लिहायचं, काळ्या स्क्रीनवर एक सर्कल आलं की प्रॅक्टिकल संपलं. रेषा काढायचा ब्रेसनहॅमचा अल्गोरिदम समजून घ्यायला तेवढं चालतं, पण सी येतंय आणि त्यातच पुढं काहीतरी खरं बनवायचंय तर रेलिब (raylib) ही गेम आणि ग्राफिक्सची सी लायब्ररी घ्या. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, आणि रामोन सांतामारिया यांनी 2013 ला ती सुरू केली तीच मुळात कोडिंगचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यांना गेम प्रोग्रामिंग शिकवायला.

आता शोधायचं कुठं. सगळे आधी यूट्यूब उघडतात, माझं म्हणणं आधी रेलिबची स्वतःची वेबसाइट उघडा. तिथं जाडजूड मॅन्युअल शोधाल तर सापडणार नाही, घाबरू नका, ते मुद्दामच तसं ठेवलंय कारण ही लायब्ररी उदाहरणं बघून शिकायची आहे. तिथं एक्झाम्पल्सचं पान आहे, त्यातलं जवळजवळ प्रत्येक उदाहरण ब्राउझरमध्येच चालतं आणि खाली पूर्ण कोड दिसतो, त्यामुळं अजून काहीच इन्स्टॉल केलं नसेल तरी बघून घेता येतं. कोअर, शेप्स, टेक्श्चर्स (म्हणजे इमेजेस), टेक्स्ट, मॉडेल्स, शेडर्स (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम), ऑडिओ असे गट आहेत. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला किती अवघड आहे त्याचे चारपैकी स्टार दिलेत, एक स्टारवाल्यांपासून सुरू करा आणि शेडर्सकडं सध्या बघूच नका.

उदाहरण नुसतं वाचून काही होत नाही बरं का. बाणाच्या बटणांनी बॉल हलवायचं उदाहरण घ्या, त्यात क्लिअरबॅकग्राउंडची ओळ कमेंट करा आणि चालवायच्या आधी स्वतःला विचारा की आता काय दिसेल. मग चालवा. बॉल जिथून गेला तिथं त्याचा माग राहतो, कारण आधीच्या फ्रेमचं चित्र पुसायचं काम तीच ओळ करत होती. बिगिनड्रॉइंग आणि एंडड्रॉइंगच्या मधला भाग प्रत्येक फ्रेमला नव्यानं चालतो हे इथं जेवढं पक्कं डोक्यात बसतं तेवढं तासभराच्या व्हिडिओनं बसत नाही.

दुसरी गोष्ट चीटशीट. सगळे फंक्शन एका पानावर, प्रत्येकापुढं एका ओळीत काम. आणि तिसरी म्हणजे रेलिब डॉट एच ही फाइल, ती एडिटरमध्ये उघडीच ठेवा, कमेंट्स इतक्या नीट आहेत की नेट गेलं तरी अडत नाही.

विंडोजवर कंपायलर आणि नोटपॅड प्लस प्लस सकट तयार इन्स्टॉलर मिळतो, नवख्यानं तोच घ्यावा. स्वतः सेटअप करायचा असेल तर रेलिबच्या गिटहब विकीवर विंडोज आणि लिनक्सची वेगळी पानं आहेत. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू इनिटविंडो' असा एरर आला तर तुमचा कोड चुकलेला नसतो, हेडर सापडलंय पण लायब्ररी लिंक झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ, विंडोजवर रेलिबसोबत ओपनजीएल 32, जीडीआय 32 आणि विनएमएम पण लिंक करावं लागतं.

व्हिडिओ त्यानंतर बघा आणि आधी व्हर्जन तपासा. नावं बदलतात, उदाहरणार्थ टेक्श्चर तयार आहे का ते बघणारं इजटेक्श्चररेडी 5.5 मध्ये इजटेक्श्चरव्हॅलिड झालं, जुना व्हिडिओ बघून टाइप केलं की कंपाइल होत नाही आणि पोरं उगाच वैतागून सोडून देतात. थिअरीसाठी एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स असतात ती साइट) कॉम्प्युटर ग्राफिक्सचे कोर्स फुकट आहेत.

सरावाला काय करायचं असं विचाराल तर घरातली सोलापुरी चादर पसरा. जॅकार्डची (नक्षी विणायच्या यंत्रणेची) नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकटी भरून काढतात, त्यामुळं तुम्हाला ती दोन फॉर लूप आणि ड्रॉरेक्टँगलमध्ये उतरवता येते. एक कोपरा ॲरेमध्ये भरा, बाकीचे तीन आरशासारखे उलटवून काढा, रंग बदलायला एक बटण द्या. कोऑर्डिनेट, लूप, ॲरे, इनपुट सगळं यात येतं आणि स्क्रीनवर वाय खाली जाताना वाढतो हे पण कायमचं लक्षात राहतं.

अडलात तर रेलिबच्या डिस्कॉर्डवर विचारा, लोक खरंच मदत करतात. फक्त पूर्ण प्रोजेक्ट टाकू नका, अडचण दिसेल एवढ्या वीस-तीस ओळी, रेलिबचं व्हर्जन, कंपायलर कुठला आणि एरर जसाच्या तसा कॉपी करून टाका, मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो नको.