कथील ओळखा, मग कल्हईला बसा

कल्हई, म्हणजे पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा लेप द्यायला शिकायचं असेल तर भात्याला हात लावण्याआधी कथील ओळखायला शिका. अंबाजोगाईच्या आसपासच्या गावांत मी पस्तीस वर्षं हेच काम करतोय. अब्बांनी मला सुरुवातीला नुसत्या कांड्या वाकवायला बसवलं होतं. कांडी कानाशी धरून हळू वाकवायची. चोख कथील करकरतं, शिसं मुकं राहतं. मग ती कागदावर ओढायची. शिसं असेल तर काळपट रेघ उमटते. भेसळ थोडी असली तर मात्र कान आणि कागद दोन्ही फसतात. म्हणून माल तपासणीच्या दाखल्यासकट घ्या. लंडनच्या धातुबाजारात ९९.८५ टक्क्यांच्या खालचं कथील चालत नाही, आपणही तेच माप धरावं.

एकदा स्वस्त मिळालं म्हणून मी एका व्यापाऱ्याकडून कांड्या उचलल्या. लग्नघरच्या पातेल्यांवर कल्हई मळकट, निळसर बसली. सगळी भांडी घासून पदरच्या पैशानं पुन्हा केली. शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं, तिथं काटकसर करायची नाही.

कथील महाग का, हे गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे. आपल्या काळ्या दगडात ते सापडत नाही. इंडोनेशियाच्या बांका आणि बेलितुंग बेटांवर जमीन खणून आणि समुद्राचा तळ उपसून वाळू काढतात, ती पाण्यानं धुतात. खनिजाचे दाणे वाळूपेक्षा अडीच पट जड, म्हणून वाळू वाहून जाते आणि ते खाली बसतात. भट्टीत कोळशासोबत तापवले की त्यातलं कथील सुटं होतं. छत्तीसगडच्या दंतेवाड्याकडं आदिवासी माणसं ओढ्याकाठची माती धुऊन असेच दाणे वेचतात. कांडी हातात घेतली की मला ती ओली माणसं आठवतात, म्हणून थेंबही वाया घालवत नाही.

आता काम. भांडं चिंच, राख आणि वाळूनं घासून लख्ख करा. तेलाचा डाग राहिला तर तिथं कथील धरणारच नाही. कोळशावर भांडं फिरवत तापवा आणि मधूनमधून कांडी टेकवून बघा. टेकताच ओलसर ठसा उमटला की ताव बरोबर. लगेच नवसागर या पांढऱ्या क्षाराची पूड टाका, कापसाच्या बोळ्यानं कथील आतून सगळीकडं फिरवा. पांढरा धूर निघतो. वाऱ्याकडं पाठ करून बसू नका, वारा अंगाला वळसा घालतो आणि धूर तोंडावर येतो; बाजूनं बसा आणि नाकाला फडकं बांधा. ताव वाढला तर कथील पिवळं पडतं आणि गोळा होतं. चकाकी आली की भांडं पाण्यात बुडवा.

भांडं परत देताना गिऱ्हाइकाला सांगायचं: ताई, या भांड्यात फोडणी करू नका. कथील २३२ अंशांना वितळतं आणि रिकामं भांडं गॅसवर तेवढं सहज तापतं. फोडणी लोखंडी कढईत द्या, वरण पितळेत शिजवा. तळाशी पितळ पिवळं डोकावलं की ताक, चिंच त्यात ठेवू नका, कळकेल. तेव्हा पुन्हा कल्हई करून घ्या.